आत शिरण्याआधी

नॅनोकणांतून औषध देण्याबद्दल कुठंही बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे कण पेशीत शिरतात कसे?" बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी मंडळात बोलले तेव्हाही हाच प्रश्न आला, विद्यापीठातली मुलंही हाच विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या उत्तराआधी जे घडतं ते मला जास्त मोलाचं वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. कण पेशीला येऊन टेकतो आणि मग कधीतरी आत जातो. या दोहोंच्या मधे काही सेकंद, काही मिनिटं, कधी त्याहूनही जास्त वेळ तो पेशीच्या अंगावर फिरत असतो. पुढं त्याचं काय होणार, हे बरंचसं त्या फिरण्यात ठरतं.

औषधांच्या जाहिरातीतल्या चित्रफितींत हे फिरणं दिसतच नाही. चकचकीत गोळा लांबून सरळ रेषेत येतो, पेशीवर आदळतो आणि गडप होतो. पाहणाऱ्याची अशी समजूत होते की गोळ्याला पत्ता ठाऊक आहे. विज्ञान समजावताना थोडं सोपं करावं लागतं हे मला मान्य आहे, पण हे सोपं करणं नव्हे. यात मुळातली गोष्टच वगळली जाते.

आधी ज्याच्यावर हे सगळं चालतं त्या पेशीपटलाकडे, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याकडे, पाहू. १९२५ साली हॉलंडमधल्या गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींतला सगळा मेद काढून पाण्यावर पसरला, तर त्याचा थर पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. म्हणजे पटल दुहेरी आहे: लिपिडच्या, म्हणजे त्या मेदाच्या, रेणूंचे दोन थर, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. त्याची जाडी जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). पण हे पटल घट्ट नाही हे कळायला १९७० साल उजाडावं लागलं. फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळवली. दोन्हींच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगाच्या चकाकत्या खुणा लावल्या होत्या. सुरुवातीला अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. ३७ अंशांवर ठेवल्यावर सुमारे ४० मिनिटांत दोन्ही रंग पार मिसळून गेले. थंडीत ठेवल्यावर मात्र मिसळेनात. त्यानंतर दोन वर्षांनी सिंगर आणि निकोलसन यांनी पटलाचं प्रवाही चित्र मांडलं, आणि आज शाळेच्या पुस्तकात असतं ते तेच.

आता मापं शेजारी ठेवून पाहा. औषधाचे नॅनोकण साधारण ४० ते १०० नॅनोमीटरचे असतात, पटल ५ नॅनोमीटरचं. कण पटलाच्या जाडीच्या आठ ते वीस पट मोठा! तो पटलातून आरपार जाईल ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. त्याला पटलावर राहावं लागतं, आणि आत जायचंच असेल तर पटलानं वाकून त्याला सगळीकडून गुंडाळून घ्यावं लागतं.

प्रयोगशाळेत आम्ही सोन्याचे कण वापरतो. औषध म्हणून नव्हे, दिसतात म्हणून. सगळी काचेची भांडी आधी अम्लराजानं, म्हणजे तीव्र आम्लांच्या मिश्रणानं, धुऊन घ्यायची, कारण काचेवर जरासा मळ राहिला तरी कण त्याला धरून गोळा होतात. मग गोल्ड क्लोराइडचं अगदी विरळ, फिकट पिवळं द्रावण उकळी येईपर्यंत तापवायचं आणि चुंबकानं ढवळत असतानाच त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. पिवळेपणा जातो. क्षणभर वाटतं काहीच झालं नाही. मग राखाडी झाक येते, ती काळपट निळी होते, जांभळी होते आणि बघता बघता सगळं द्रावण लालभडक होतं. सोनं पिवळं, पण त्याचे एवढे बारीक कण लाल. हे मायकल फॅरेडेनं १८५७ साली ओळखलं होतं, आणि त्यानं केलेली लाल द्रावणं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत. सायट्रेट कमी घातलं की कण मोठे होतात, जास्त घातलं की लहान. मग त्यांच्यावर आपल्याला हवे ते रेणू चिकटवायचे, पेशीला पकडणारे.

हे द्रावण पेशींवर थेंबभर सोडून काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पेशीची कड उजळलेली दिसते, आतले कणीदार पुंजके दिसतात, आणि मधेच हिरवे ठिपके चमकू लागतात. तेच सोन्याचे कण. आपल्याला दिसतो तो ठिपका कणापेक्षा कितीतरी मोठा, कारण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बारीक काही स्पष्ट दिसत नाही. पण ठिपक्याचा मध्यबिंदू काही नॅनोमीटरपर्यंत अचूक काढता येतो, आणि आमचं सगळं काम त्या मध्यबिंदूवर चालतं.

पाण्यातले ठिपके इतके थरथरतात की डोळा त्यांच्यावर ठरत नाही; येतात, जातात, खोल जाऊन पुसट होतात. मग त्यांतला एखादा पेशीला टेकतो आणि त्याची चालच बदलते. तो थांबत नाही, पण त्याचं खोल जाणं बंद होतं. तो तिथंच, एका पातळीत, मंद सरकायला लागतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसभाईंना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते नळीवरून डोळा न काढता म्हणाले, "बेन, आ तो फरे छे!" खरंच फिरत होता. थोडा डावीकडे, तेवढाच परत, मग खाली, पुन्हा डावीकडे.

त्याला कोण हलवतं? पाणीच. पाण्याचे रेणू चारी बाजूंनी त्याला सतत धडका देत असतात, आणि त्या कधीच सारख्या नसतात. १८२७ साली रॉबर्ट ब्राउननं परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांत ही तडफड पाहिली, १९०५ साली आइन्स्टाइननं तिचं गणित केलं. ४० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाला एक धक्का बसला तर त्याचा जोर काही नॅनोसेकंदांत विरून जातो. मागचा धक्का कुठून आला याची कणाजवळ काही नोंद राहत नाही. प्रत्येक पाऊल नवं.

मंडळातल्या त्या भाषणानंतर पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर काकांनी मला थांबवलं. "अगं, पण मग त्या कणाला कळतं कसं, कुठं जायचं ते?" म्हटलं, काका, नाही कळत. त्यांना ते उत्तर पटलं नाही, आणि त्यांचं न पटणं मला आवडलं. न कळता फिरणारा पोचतो कसा, हाच तर खरा प्रश्न आहे.

थोडा हिशोब केल्याशिवाय तो सुटत नाही. अशा भटकण्यात अंतर वेळेच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पटलावरच्या कणाचा विसरणाचा, म्हणजे असं भटकत पसरण्याचा, वेग सेकंदाला ०.१ चौरस मायक्रोमीटर धरला, तर तो १ मायक्रोमीटर, म्हणजे हजार नॅनोमीटर, दूर जायला सरासरी अडीच सेकंद घेतो. १० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण पेशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, जायला २५० सेकंद. अंतर दहापट, वेळ शंभरपट. पाण्यात तोच कण याच्या शंभरपटींहून जास्त चपळ असतो. मग पटलावर अडकून त्याचं नुकसानच झालं की!

इथं गणित मदतीला येतं. जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं १९२१ मध्ये दाखवलं की चौकटीच्या कागदावर कुणी दिशाहीन भटकत राहिलं तर ते कधी ना कधी सुरुवातीच्या ठिकाणी परततंच, नक्की. पण लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशा मोकळ्या असतील तर परतण्याची शक्यता फक्त ३४ टक्के उरते. सपाटीवर भटकणारा आसपासची जागा पुन्हा पुन्हा तुडवतो, मोकळ्या अवकाशात भटकणारा हरवतो. १९६८ साली आडाम आणि माक्स डेलब्रुक यांनी हाच विचार पेशीला लावला: रेणूनं आधी पटलाला धरावं आणि मग त्यावरच शोध घ्यावा, तर हळू चालूनही लक्ष्य लवकर सापडू शकतं. डेलब्रुक मूळचा भौतिकशास्त्रज्ञ, विषाणूंवरच्या कामासाठी त्याला १९६९ चं नोबेल मिळालं, आणि तरी त्याचं हे काम मला त्याच्या नोबेलाहून जवळचं वाटतं. काकांना मी नंतर कागदावर रेघोट्या काढून हे दाखवलं. कणाला कळत नाही, पण सपाटी त्याला हरवू देत नाही.

मला या पृष्ठभागाचं इतकं वाटतं त्याला घरचंही कारण आहे. २०२१ च्या मे महिन्यात करोनातून उठलेल्या माझ्या मामांना म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, झाला. बडोद्यात तेव्हा प्रत्येक ओळखीच्या घरात कुणी ना कुणी ॲम्फोटेरिसिन शोधत होतं. हे बुरशीवरचं जुनं औषध मूत्रपिंडाला फार जड जातं. म्हणून ते लिपिडच्या शंभर नॅनोमीटरहून लहान गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बसवून देतात. मात्रा किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज. मामेभाऊ गावभर फिरून त्या गोळा करत होता, आणि मी मामांच्या खाटेशी बसून ती पिवळी धार थेंब थेंब उतरताना पाहत होते. ते औषध सलाइनमध्ये मिसळलं तर साका धरतं, म्हणून डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं. नर्सबाई दर वेळी बाटलीवरचं नाव दोनदा वाचून मगच लावत.

मामी म्हणाली, "तुझं शिक्षण याच्यातलंच ना गं? हे आत जाऊन काय करतं?" मी म्हटलं, मामी, याला आत जावंच लागत नाही. गोळा बुरशीच्या पेशीच्या भिंतीला जाऊन धरतो, औषध त्यातून सुटून पटलापर्यंत जातं. बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. औषधाचा ओढा अर्गोस्टेरॉलकडे, ते त्याला धरून बसतं, आणि बुरशीचं पटल गळू लागतं. सगळं काम पृष्ठभागावरच. मामीनं ऐकून घेतलं आणि मामांच्या पायांवरची चादर सारखी केली. मामांचा एक डोळा काढावा लागला. मामा वाचले.

त्यानंतर मी पटलावरच्या हालचालींबद्दल मिळेल ते वाचायला लागले, आणि त्यात एक काम असं भेटलं की मी ते विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. कोडं जुनं होतं. प्रयोगशाळेत शुद्ध लिपिडचं पटल बनवलं तर त्यातले रेणू भराभर पसरतात. जिवंत पेशीच्या पटलात तेच रेणू कित्येक पट मंद. का? लोक म्हणत, प्रथिनांची गर्दी आहे, पटल दाट आहे. जपानमध्ये अकिहिरो कुसुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिपिडच्या एकेका रेणूला ४० नॅनोमीटरचा सोन्याचा कण बांधला आणि त्याचं चित्रण सेकंदाला ४०,००० चित्रं या वेगानं केलं. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. त्यात कण नुसता रेंगाळताना दिसतो. या वेगानं पाहिल्यावर दिसलं की कण रेंगाळत नाहीच. तो शुद्ध पटलातल्याइतकाच जोरात फिरतो, पण एका छोट्या कप्प्यात. मग एकदम शेजारच्या कप्प्यात उडी. त्यांनी २००२ साली छापलेल्या निबंधात, उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत, कप्प्याची रुंदी सुमारे २३० नॅनोमीटर आणि एका कप्प्यातला मुक्काम सरासरी ११ मिलिसेकंद निघाला.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे लगेच उमगेल: चौकात कितीही धावा, पुढच्या चौकात जायचं तर ते एकच अरुंद दार, आणि धावता धावता त्याच्याशी गाठ पडेपर्यंत तुम्ही याच चौकातले.

कप्पे कशाचे? पटलाच्या आतल्या बाजूला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची जाळी असते. काही प्रथिनं पटलातून आरपार गेलेली असतात आणि त्यांचं खालचं टोक या जाळीला बांधलेलं असतं. ती ओळीनं उभ्या खुंटांसारखं काम करतात. म्हणून पटलाच्या वरच्या थरातला लिपिड, ज्याचा खालच्या जाळीशी थेट संबंधच नाही, तोही अडतो. ॲक्टिनची जाळी औषधानं सैल केली की उड्या वाढतात. चित्रण हळू असतं तर हे सारं 'पटल दाट आहे' या एका वाक्यात गाडलं गेलं असतं.

पण औषधाचा कण एका लिपिडला बांधलेला नसतो. त्याच्या अंगावर पकडणारे रेणू अनेक असतात आणि पेशीवर पकडले जाणारे रिसेप्टरही अनेक. एका दोऱ्यानं धरला तर तो मोकळा फिरतो. दोन, चार, दहा दोरे झाले की दर दोऱ्यागणिक ओढ वाढते आणि चाल मंदावते. गंमत अशी की पटलाच्या आत बसलेल्या वस्तूचा आकार दुप्पट झाला तरी तिचा वेग फारसा कमी होत नाही. हे १९७५ मध्ये सॅफमन आणि डेलब्रुक यांनी गणितानं मांडलं. पुन्हा डेलब्रुक! म्हणून वरून टेकलेल्या कणाची चाल त्याच्या आकारापेक्षा तो किती ठिकाणी धरला गेलाय यावर जास्त अवलंबून असते. अंगभर चिकट केलेला कण चांगला, असं विद्यार्थ्यांना सुरुवातीला वाटतं. असा कण टेकतो तिथंच खिळतो.

त्यात रक्त आणखी भर घालतं. शिरेत गेल्या गेल्या रक्तातली प्रथिनं कणावर थर धरतात, आणि पेशीला भेटतो तो आपण बनवलेला कण नसून त्या थरातला कण. काचेच्या बशीत उत्तम चालणारं औषध शरीरात ढेपाळतं, त्याचं एक मोठं कारण हे.

गुंडाळून घेण्याचा हिशोबही असाच गुंतलेला. गोल कण पूर्ण गुंडाळायला पटलाला जी वाकण्याची किंमत मोजावी लागते ती कणाच्या आकारावर अवलंबून नसते, लहानमोठ्या सर्वांना सारखीच. चिकटण्यातून मिळणारी ऊर्जा मात्र क्षेत्रफळाबरोबर वाढते. त्यामुळे फार लहान कणाला एकट्यानं हे परवडत नाही. फार मोठ्याला परवडतं, पण त्याच्याभोवती पुरेसे रिसेप्टर लांबून फिरत फिरत यावे लागतात आणि त्यात वेळ जातो. मधला आकार बरा. २००६ मध्ये कॅनडातल्या चित्रानी, गझानी आणि चॅन यांनी सोन्याचे निरनिराळ्या मापांचे कण हेला पेशींना, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशींना, दिले, तर सगळ्यांत जास्त आत गेले ते ५० नॅनोमीटरच्या आसपासचे. म्हणजे आत शिरण्याच्या प्रश्नाचं उत्तरही शेवटी फिरण्यावरच येतं. इथं फक्त कणाऐवजी रिसेप्टर फिरतात.

कधी कधी पेशी स्वतःच कणाला ओढून नेते. पेशीच्या कडेला बोटांसारखे बारीक फाटे असतात, फायलोपोडिया. त्यांच्यातला ॲक्टिन सतत मुळाकडे सरकत असतो. २००५ साली क्वांटम डॉट, म्हणजे चकाकणारे अर्धवाहकाचे नॅनोकण, वाढीच्या एका प्रथिनाला जोडून या फाट्यांवर पाहिले गेले. टोकाशी आधी ते इकडेतिकडे भटकत, मग एकाएकी सरळ पेशीकडे निघत, सेकंदाला दहा नॅनोमीटरच्या आसपास. ही सरळ वाट धरायला किमान दोन रिसेप्टर जागे होऊन एकत्र यावे लागत होते. त्याच वर्षी काही विषाणूही असेच फाट्यांवरून पेशीच्या धडाकडे येताना दिसले. मी ती चित्रणं पाहिली तेव्हा उठून दार लावून घेतलं आणि पुन्हा पाहिली.

विषाणू हेही निसर्गानं घडवलेले नॅनोकणच, आणि पटलावर चालण्यात ते आपल्या फार पुढं आहेत. फ्लूचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा. त्याच्या अंगावर दोन तऱ्हेची प्रथिनं असतात. एक पेशीवरच्या सियालिक आम्लाला, म्हणजे एका शर्करेला, धरतं, दुसरं, न्यूरामिनिडेज, तेच आम्ल कापतं. पुढं धरायचं, मागं कापायचं. धरणं नुसतं असतं तर विषाणू खिळून बसला असता, कापणं नुसतं असतं तर निसटून गेला असता. दोन्ही आहेत म्हणून तो पृष्ठभागावर रांगत जातो आणि आत जाण्याजोगी जागा गाठतो. २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी हे रांगणं प्रत्यक्ष टिपलं, आणि न्यूरामिनिडेज बंद पाडलं की ते थांबतं हेही.

न्यूरामिनिडेज बंद पाडणारं औषध आपल्या ओळखीचं आहे. ओसेल्टामिविर, स्वाइन फ्लूच्या २००९ सालापासून घराघरात ऐकलेलं. ते विषाणूला मारत नाही. पेशीतून बाहेर पडलेले नवे विषाणू त्याच पेशीच्या अंगाला, आणि एकमेकांना, चिकटून राहतात. पुढच्या पेशीकडे जायला त्यांना सुटकाच मिळत नाही. फ्लूमध्ये विषाणूंची संख्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला पोचते, म्हणून ही गोळी त्रास सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घ्यायला सांगतात.